मोहाच्या झाडापाशी रिकामी झालेली गाडी

कोठी

घरी परतून आठवडा होत आला, तरी बँकेत खुर्चीवरून उठताना माझ्या तोंडून जो आवाज निघतो, तो ऐकून कॅशियरपासून शिपायापर्यंत सगळे हसतात. हसू देत. आमच्या अख्ख्या शाखेत हैदराबादहून नल्लमलाच्या जंगलात सायकलनं गेलेला माणूस मी एकटाच आहे, आणि वजनाच्या बाबतीतही शाखेत माझा नंबर वरचाच लागतो. हे सगळं मी लिहितोय ते आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या लोकांसाठी. येतो येतो म्हणून बऱ्याच जणांनी नावं दिली होती आणि निघायच्या सकाळी आम्ही तिघं उरलो. कुणाची कंबर धरली, कुणाच्या मेव्हण्याचं लग्न निघालं. त्यांनी काय चुकवलं ते त्यांना कळायला हवं.

याच्या मुळाशी माझी धाकटी बहीण सुमन. आम्ही नांदेडकडचे, देगलूरच्या पुढचं गाव. मी शिकून बँकेत लागलो आणि हैदराबादेत दिलसुखनगरला घर केलं. सुमन नर्स झाली. पोरगी नांदेडला सरकारी दवाखान्यात लागेल आणि डोळ्यांसमोर राहील असं आईला वाटत होतं. पण तिनं श्रीशैलमच्या रस्त्याला, भर जंगलात, एका लहानशा संस्थेच्या दवाखान्यात नोकरी धरली. तिथं चेंचू आदिवासींच्या वस्त्या आहेत. वस्तीला तिकडे पेंटा म्हणतात. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक अंगण आणि सुमन. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. औषधं आहेत, सलाईन आहे, गाडी तेवढी नाही.

मागच्या उन्हाळ्यात एक बाई बाळंतपणात अडली. सुमननं चार माणसं लावून तिला डोलीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं आणि फाट्यावरच्या मोहाच्या झाडाखाली बसची वाट बघत बसली. बस आली तेव्हा बाई गेलेली होती. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी सुमनचा मन्नानूरच्या एसटीडी बूथवरून फोन आला. ती रडणाऱ्यातली नाही. शांतपणे म्हणाली, "दादा, मला इथलं बाकी सगळं जमतंय बघ. पण त्या झाडाखाली कुणाचा हात धरून बसून राहणं आता होत नाही. पुढच्या पावसाळ्याच्या आत गाडी आली नाही तर मी परत येते."

ती परत आली असती तर आईला आनंदच झाला असता. मलाही झाला असता, खोटं कशाला बोलू? पण ती निघाली की त्या दोन खोल्यांना कुलूप लागणार, हे तिलाही माहीत होतं. तरीही ती हे बोलली म्हणजे तिचं मन किती विटलं असेल, या विचारानं मला घास गोड लागेना.

मी मंडळाच्या बैठकीत विषय काढला. वर्गणी गोळा करू, असं सगळे म्हणाले. शरयूताई केळकर उठून उभ्या राहिल्या. त्या पुण्याच्या. मुलींच्या शाळेत पीटी शिकवून निवृत्त झाल्या आणि मुलगा निखिल इथं कॉम्प्युटरच्या नोकरीत लागला म्हणून हैदराबादला आल्या. "नुसती वर्गणी मागितली तर लोक दारं लावून घेतात," त्या म्हणाल्या. "काहीतरी करून दाखवायला पाहिजे. आपण सायकली काढू. हैदराबाद ते सुमनचा दवाखाना." पुण्यात वाढलेल्या माणसाला कुठल्याही प्रश्नावर सायकल हेच उत्तर सुचतं, असं मी मनात म्हटलं आणि सगळ्यांबरोबर हात वर केला.

गाडी मिळाली नरसिंग राव सरांची. सध्या दिलसुखनगरात जिन्याजिन्यावर कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागताहेत, आणि जो तो पोरगा अमेरिकेला निघाल्यासारखा चालतोय. त्यातला एक मोठा क्लास राव सरांचा. पोरांना नेण्याआणण्यासाठी त्यांनी नवी बस घेतली होती आणि जुनी मेटाडोर नुसती उभी होती. मी मागितली, तर खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "चंदा माँगने सब आते, मधुकर साब. पसीना कोई नहीं दिखाता. तुम लोगां पूरा रास्ता सायकिल पे जाओ. एक किलोमीटर भी गाड़ी में नहीं बैठना. मैं खुद आतुं उधर, फीता काटतुं, चाबी तुम्हारी बहन के हाथ में देतुं." डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार मंडळ वर्गणीतून बघणार होतं. म्हणजे आता सगळं माझ्या मांड्यांवर येऊन ठेपलं.

सराव आम्ही पहाटे अफझलगंजच्या ग्रंथालयापासून मुसी नदीच्या पुलावरून करायचो. निखिलची सायकल गिअरची, नवी कोरी, तिला कॅरिअर नाही की मडगार्ड नाही. शरयूताईंची लेडीज सायकल पुण्याहून रेल्वेनं आलेली. माझी काळी, भक्कम, दुधवाल्याला शोभेल अशी. सराव संपला की इराण्याकडे चहा आणि उस्मानिया बिस्किटं. जेवढं घटवायचं तेवढं तिथं भरून निघायचं. राव सरांचे ड्रायव्हर युसुफभाई एकदा बघायला आले, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "इस उमर में सायकिल? क्या परेशानी है साब आपकू?"

होळी झाली आणि त्यानंतरच्या शनिवारी आम्ही कोठीतल्या मंडळाच्या दारातून निघालो. निघण्याआधी मेटाडोर भरली. ते भरणं बघण्यासारखं होतं. मंडळाच्या बायकांनी दोन दिवस खपून रव्याचे लाडू, चकल्या, शंकरपाळे केले होते, त्याचे पत्र्याचे डबे. शरयूताईंची भाजणी, स्टोव्ह, रॉकेलचा कॅन. माझ्या घरून ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. राव सरांकडून समारंभासाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कनात, लाऊडस्पीकर, बॅटरी आणि क्लासचं नाव लिहिलेला भला मोठा कापडी बॅनर. सतरंज्या, उशा, बाटलीतल्या पाण्याचे खोके. मागचं दार लावायला युसुफभाईंना पाठ लावून रेटावं लागलं. "अब इसमें मक्खी भी नहीं बैठ सकती," ते म्हणाले. आम्ही सगळे हसलो. काय मूर्ख होतो आम्ही!

ताडाचा रस्ता

श्रीशैलमचा रस्ता दिलसुखनगरावरून जात नाही. पण राव सरांच्या क्लाससमोर फोटो काढायचा होता म्हणून आम्ही आधी तिकडे गेलो, हार घातले, आणि मग शहराला अर्धा वळसा घालून खऱ्या रस्त्याला लागलो. माझ्या तेवढ्या फेरीनंच पोटऱ्या बोलायला लागल्या होत्या.

शहर संपलं की दगड सुरू होतात. एकावर एक ठेवलेले, आता पडतील असं वाटायला लावणारे मोठमोठे धोंडे, आणि त्यांच्यामधून ताडाची झाडं. आमच्याकडे नांदेडला शेताच्या बांधावर बाभळी दिसतात, इथं ताड. ताडगोळे नुकतेच निघायला लागले होते. एक बाई रस्त्याच्या कडेला कोयत्यानं सोलून द्रोणात देत होती. निखिलनं इतके खाल्ले की दुपारपर्यंत त्याला सायकलवर वाकता येईना. गिअरची सायकल आणि ताडगोळ्यांनी भरलेलं पोट यांचं जमत नाही. त्याचा वेग माझ्याइतका झाला आणि आम्हा दोघांना पहिल्यांदाच गप्पा मारता आल्या.

आमनगलच्या अलीकडे एका टपरीवर जेवायला थांबलो. मालकिणीनं जोन्न रोट्टे वाढली, म्हणजे आपली ज्वारीची भाकरी, आणि बरोबर गोंगुरा. मी पहिला घास घेतला आणि थेट आईच्या चुलीपुढे जाऊन बसलो. गोंगुरा म्हणजे आमची अंबाडीच! फक्त यांच्याकडे मिरचीला धरबंध नाही. शरयूताईंनी एक घास खाल्ला, डोळ्यांत पाणी आणलं, आणि गाडीतून लाडू काढायला सांगितले. डब्यांवर त्यांनी नावं लिहिली होती. निखिल शिकला इंग्रजीत, त्याला मराठी अक्षरं लावायला वेळ लागतो. लाडू सापडेपर्यंत त्यानं लोणच्याच्या दोन बरण्या उघडल्या. "मोजून दे रे," शरयूताई बजावत होत्या. "शेवटच्या दिवशी समारंभाला पुरले पाहिजेत." डब्यांच्या खोक्याला त्यांनी चक्क कुलूप लावलं होतं.

टपरीच्या मालकिणीनं विचारलं, कुठं निघालात? मी तेलुगूत सांगितलं, जंगलातल्या दवाखान्याला गाडी पाहिजे, त्यासाठी सायकलनं चाललोय. तिनं मेटाडोरकडे बघितलं, आमच्या सायकलींकडे बघितलं. "गाडी तर आहेच की तुमच्यापाशी," ती म्हणाली. राव सरांची अट मी तिला समजावून सांगायला लागलो. ऐकून घेतलं तिनं, पण तिच्या चेहऱ्यावरून वाटलं, हैदराबादच्या लोकांचं काही खरं नाही.

रात्री एका शाळेच्या व्हरांड्यात पथारी टाकली. मी पडलो तो पडलोच.

मन्नानूर

दुसऱ्या दिवसाचं फार सांगत नाही. ऊन होतं आणि सायकलचं सीट होतं. डिंडीच्या तलावावर हातपाय धुतले, तेवढंच सुख. दुपारी माझं पाठचं चाक पंक्चर झालं. मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो, तेव्हा युसुफभाई गाडी थांबवून खाली उतरले. "कोई देखता नहीं साब. बैठ जाओ अंदर. सर कू कौन बोलता?"

खरं सांगतो, मोह झाला. पण बसायचं कुठं? ड्रायव्हरशेजारच्या सीटवर लाऊडस्पीकर होता आणि मागे माशीलासुद्धा जागा नव्हती. मी म्हटलं, "नक्को युसुफभाई. बहीण का मामला है." त्यांनी माझ्या हातातून चाक घेतलं आणि स्वतःच पंक्चर काढायला बसले.

मन्नानूरला जंगल सुरू होतं. रस्त्यावर फाटक आहे, रात्री ते बंद करतात. फाटकाशेजारी एसटीडीचा बूथ दिसला, पिवळी पाटी, काचेचं दार. इथूनच सुमननं मला फोन केला होता. मी उगाच आत जाऊन उभा राहिलो. बूथवाल्यानं विचारलं, कुठं लावायचाय? मी म्हटलं, कुठं नाही.

मोहाचं झाड

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडल्या उघडल्या आम्ही निघालो. लगेच घाट लागतो. शरयूताई पुढे, दर वळणावर थांबून आम्हाला शिट्टी मारायच्या. शाळेतली शिट्टी त्यांनी अजून जपून ठेवलीय. मी बऱ्याच ठिकाणी उतरून सायकल ढकलली. गाडीत बसायचं नाही एवढीच अट होती, ढकलण्याबद्दल काही ठरलं नव्हतं. वर सपाटीवर आल्यावर सावली आली, गार वारा आला आणि मोहाच्या फुलांचा वास आला. गोड, जड, किंचित आंबूस. मराठवाड्यात मोह तुरळक दिसतो. इथं झाडाखाली फुलांचा सडा पडलेला आणि बायका टोपल्यांत वेचताहेत.

समारंभ अकराला होता. राव सर फोटोग्राफर घेऊन थेट दवाखान्यात यायचे होते. आम्ही खुशीत होतो. आता एकच वळण, मग फाटा, मग थोडा कच्चा रस्ता. निखिल बँड वाजवल्यासारखे तोंडानं आवाज काढत होता.

वळण घेतलं आणि समोर ते झाड दिसलं. झाडाखाली माणसं होती. पांढरी साडी दिसली आणि मी सायकल तशीच टाकून धावलो.

सुमन मातीत बसली होती. पुढे बांबूच्या डोलीत एक माणूस, पस्तिशीतला असेल, डोळे अर्धे मिटलेले. मांडीला बांबूच्या कामट्या लावून फडकी आवळलेली, आणि ती फडकी रक्तानं भिजलेली. एक म्हातारा सलाईनची बाटली उंच धरून उभा होता. सुमननं माझ्याकडे बघितलं. तीन दिवस मी या भेटीची स्वप्नं बघत होतो. ती एवढंच म्हणाली, "दादा, बस अजून आली नाही रे."

तिच्या आवाजात काय होतं ते मला लिहिता येणार नाही.

त्या माणसाचं नाव लिंगय्या. पहाटे कड्यावरून मध काढायला उतरला होता. हे लोक वेलींच्या सालीचा जाड दोर करतात, त्याला धरून कड्याच्या पोटात उतरतात आणि पोळं कापतात. त्याचा पाय निसटला, तो दोराला लटकून खडकावर आपटला आणि मांडीचं हाड मोडलं. त्याच्या डोक्याशी एक उंच, काळासावळा माणूस बसला होता, बयन्ना. त्याच्या हातात तो दोर होता, वेटोळं करून घट्ट धरलेला. सुमननं त्याला पाणी प्यायला ओंजळ पुढे करायला सांगितलं, तरी त्यानं दोर खाली ठेवला नाही, डाव्या हातानं पाणी प्यायला.

"हा त्याच्या बायकोचा भाऊ," सुमन म्हणाली. "इथं नवरा कड्यावर उतरला की वरचा दोर बायकोच्या भावानंच धरायचा असतो. सख्ख्या भावाच्यासुद्धा हातात देत नाहीत. हा आपल्या बहिणीचं कुंकू हातातून सुटू देणार नाही म्हणून. यानं दोर सोडला नाही, म्हणून तर लिंगय्या जिवंत वर आला. आता म्हणतोय, बहिणीच्या ताब्यात दिल्याशिवाय दोर ठेवणार नाही."

मी बयन्नाकडे बघितलं. दोराच्या घाशीनं त्याच्या तळहाताची साल गेली होती. मीही कुणाचा तरी भाऊ म्हणूनच इथवर आलो होतो, पण मी आणलेली गाडी मागून येत होती आणि तिच्यात काय भरलं होतं, ते मला आठवलं.

मेटाडोर आली. युसुफभाई उतरले, डोलीकडे बघितलं, मग मागच्या दाराकडे. ते घुटमळले. त्यांचंही खरं होतं. गाडी अजून मालकाची होती, आणि सरळ दवाखान्यात आणायचा हुकूम होता. मी काही बोलणार एवढ्यात त्यांनी टोपी काढून खिशात घातली. "सर कू मैं बोल लेतुं. तुम लोगां पहले सामान उतारो!"

आणि मग आम्ही सामान उतरवायला लागलो. मी आयुष्यात इतका शरमलो नाही. माणूस रक्तानं भिजतोय आणि आम्ही खुर्च्या काढतोय, अजून खुर्च्या, कनात, बॅटरी, उशा. आजाऱ्यासाठी गाडी मिळवायला निघालेली माणसं आम्ही, आणि आजारी माणूस सोडून सगळ्याला आमच्या गाडीत जागा होती. फराळाचं खोकं एका बाजूला अडकलं. शरयूताईंनी कुलपाची किल्ली शोधली नाही. त्यांनी निखिलला बाजूला सारलं, खोक्याला दोन्ही हात घातले आणि ओढून ते रस्त्यावर टाकून दिलं. डबे फुटले, लाडू घरंगळत रस्त्याकडेच्या चरात गेले. "बघत काय उभा राहिलास?" त्या ओरडल्या. "बॅनर पसर खाली!"

राव सरांच्या क्लासचं नाव असलेला बॅनर घडी करून गाडीच्या तळाशी अंथरला, त्यावर डोली ठेवली. बॅनरच्या दोरीनं निखिलनं सलाईनची बाटली छताच्या कडीला टांगली. डोलीचे बांबू लांब होते, दार लागेना. रेटायला गेलो तर कडीच वाकली. तेव्हा बयन्नानं आपल्या हातातला दोर दारांच्या दोन्ही मुठींतून घेतला, गाठ मारली आणि उरलेलं टोक फटीतून आत घेऊन मुठीत धरून बसला. सुमन आत, सलाईनचा म्हातारा आत. गाडी वळली आणि आम्ही आलो त्या दिशेला, तालुक्याच्या दवाखान्याकडे, घाटातून खाली गेली.

आम्ही तिघं त्या झाडाखाली उभे राहिलो. माझ्या पायाखाली मोहाची फुलं चिरडली जात होती. मागच्या वर्षीची बाई कुठं बसली असेल, हे मी जमिनीवर बघत होतो.

"काका," निखिल म्हणाला, "माकडं."

मागे वळून बघितलं तर मंडळाच्या बायकांनी दोन दिवस खपून केलेला फराळ जंगलातली माकडं मन लावून खात होती. एक तर लाऊडस्पीकरवर बसून चकली खात होतं. शरयूताई हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

दवाखान्याचं अंगण

जेवढं नेता येईल तेवढं सामान आम्ही सायकलींना बांधलं. माझ्या कॅरिअरवर खुर्च्यांची चळत, शरयूताईंच्या सायकलला कनात, आणि निखिलच्या त्या नखरेल गिअरच्या सायकलला कॅरिअरच नसल्यामुळे लाऊडस्पीकर त्याच्या पाठीवर. अशी आमची मिरवणूक कच्च्या रस्त्यानं दवाखान्यात पोचली. अट पाळली गेली होती. बघायला कुणी नव्हतं.

अंगणात एक बाई बसली होती, मांडीवर लेकरू. लिंगय्याची बायको. ती पहाटे मोहाची फुलं वेचायला लांब गेली होती. तिला कळून ती येईपर्यंत डोली निघून गेली होती. मी तिला सांगितलं, गाडीतून नेलंय, माझी बहीण बरोबर आहे. तिनं रडरड केली नाही. एकच विचारलं, "ताडु मा अन्न चेतिलोने उन्नदा?" दोर माझ्या भावाच्याच हातात आहे ना?

मी म्हटलं, आहे. मी डोळ्यांनी बघितलंय. तिनं मान हलवली आणि लेकराला पाजायला घेतलं.

थोड्या वेळानं राव सर आले. पांढरी सफारी, फोटोग्राफर, ताटात लाल फीत आणि कात्री. त्यांनी इकडे तिकडे बघितलं. "गाड़ी किधर है?" मी सांगितलं. "और बैनर?"

"मरीज़ के नीचे, सर."

त्यांचा चेहरा मला वाचता येईना. मी मनात म्हटलं, गेली गाडी. शरयूताई पुढे झाल्या आणि शाळेतल्या कडक आवाजात म्हणाल्या की आम्ही तिघंही सगळा रस्ता सायकलवर आलोय, एक किलोमीटरही गाडीत बसलो नाही. राव सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग एक खुर्ची ओढून घेतली, ती लिंगय्याच्या बायकोपासून थोडी लांब ठेवली आणि बसून राहिले. दुपार झाली, फोटोग्राफरनं जायची घाई केली, तरी ते उठले नाहीत. माझ्या शिल्लक राहिलेल्या भाकऱ्या आम्ही सगळ्यांनी चटणीशी खाल्ल्या. राव सरांनी लिंगय्याच्या बायकोला आपल्या हातानं वाढलं. तिनं अर्धी खाल्ली.

ऊन उतरल्यावर गाडीचा आवाज आला. आधी आवाज, मग धूळ, मग मेटाडोर. बायको उभी राहिली. पुढच्या सीटवर सुमन, आणि दोराचं टोक आतून पुढे घेऊन मुठीत धरलेला बयन्ना. मी त्यांचे चेहरे बघत होतो, आणि सुमननं काचेतून हात वर केला.

लिंगय्या वाचला होता. रक्त दिलं होतं, म्हातारा त्याच्याजवळ थांबला होता. अजून थोडा उशीर झाला असता तर काय, हे डॉक्टरांनी सुमनला सांगितलं. तिनं आम्हाला सांगितलं नाही. गाडी परत आली होती ती बायकोला न्यायला.

फोटोग्राफर पटकन पुढे झाला. उजेड जायच्या आत फीत कापून घ्या म्हणाला, आणि ताट घेऊन मागच्या दारापाशी गेला. दाराची कडी वाकलेली, म्हणून येतानाही तोच दोर बांधलेला होता. "सर, ये रस्सी पहले काट दो," तो म्हणाला. राव सरांच्या हातात कात्री होती.

बयन्नानं गाठीवर आपला सोललेला हात ठेवला.

सुमननं राव सरांना तेलुगूत दोन वाक्यांत सांगितलं, हा कसला दोर आहे आणि कुणाच्या हातात असतो. राव सरांनी ऐकलं. दाराच्या फटीतून आत बघितलं. त्यांच्या क्लासचं नाव तिथं रक्तात भिजून वाळलं होतं. त्यांनी कात्री खिशात घातली आणि माझ्याकडे वळले. "गाड़ी तो तुम लोगां सुबह ही दे दिए, मधुकर साब. अब मैं काट के क्या करूँ?" मग बयन्नाला तेलुगूत म्हणाले, तूच सोड.

बयन्नानं सावकाश गाठ सोडली. दोराचं वेटोळं केलं, आणि बहीण लेकराला घेऊन गाडीत चढली तेव्हा ते तिच्या मांडीवर ठेवलं. सकाळपासून पहिल्यांदा त्याचे हात रिकामे झाले. ते कुठं ठेवावेत हेच त्याला कळेना, शेवटी तोही आत चढला आणि त्यानं लेकराला घेतलं. युसुफभाईंनी तारेनं दार बांधलं आणि गाडी परत निघाली. चावी द्यायचा समारंभ झालाच नाही, चावी गाडीतच होती. फोटोग्राफरला फोटो मिळाला तो धुळीचा.

अंगणात आम्ही मांडलेल्या खुर्च्या तशाच होत्या. सुमन त्यातल्या एकीवर येऊन बसली, दिवसभरात पहिल्यांदाच. "भाकरी आहे का रे दादा?" तिनं विचारलं. एक शिल्लक होती. ती खात असताना मी तिच्या शेजारी बसलो. पावसाळ्याआधी परत येणार की इथंच राहणार, हे तिला विचारायचं होतं. आईसाठी आणि माझ्यासाठी मला एक उत्तर हवं होतं, आणि त्या अंगणासाठी दुसरं.

तिनं शेवटचा घास खाल्ला, हात झटकले.

"येताना ना दादा," ती म्हणाली, "मी बयन्नाशी बोलत होते. वळण कधी आलं अन् ते झाड कधी मागं पडलं, मला कळलंच नाही."